सुपात न पडलेली पुंगळी

गेल्या वैशाखात मुरबाडला एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या तरुणाने मला एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात पेठेत एक म्हातारा बंदुका दुरुस्त करी. त्याचा हात थरथरायचा. त्याने काडतुसात दारू कमी भरली आणि त्यापायी एक ठाकर जन्माचा लंगडा झाला. सांगताना तो हसत होता. पेठेत अजून कुणाच्या हातून काही सांडलं की 'दारू सांडली का रे' असं विचारतात, ते या म्हाताऱ्यावरून, असंही त्याने सांगितलं. मी पानातला भात संपवला. या बाबतीत गप्प बसायची मला जुनी सवय आहे.

त्या म्हाताऱ्याचा हात थरथरत नव्हता. दारू बरोबर भरलेली होती. जे झालं ते माझ्या हाताने झालं.

मी शहापूर तालुक्यातला, भातशेतीवाल्या घरातला. वाशिंदजवळच्या एका भातगिरणीत इंजिनावर हात बसला होता. तिथून बाविसाव्या वर्षी मुरबाडला या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे आलो. मी त्यांना काका म्हणायचो. नात्याने ते कुणी नव्हते. पेठेच्या टोकाला त्यांचं दुकान होतं. पुढे ओटा, आत भाता आणि शेगडा. रानडुकरांपासून पीक राखायला ज्यांना सरकारी परवाना होता त्यांच्या ठासणीच्या बंदुका आमच्याकडे येत. घोडा मोडलेला, दस्ता फुटलेला, नळी गंजलेली. काका प्रत्येक बंदूक हातात घेतल्यावर आधी तिचा वास घेत. कुणी कुठलं तेल वापरलं, चुलीवर टांगली होती की माळ्यावर, हे ते वासावरून सांगत. गिऱ्हाइकं थट्टा करायची, "मिस्त्री, बंदूक आहे, खरबूज नाही." काका म्हणत, "खरबूज फसवतं. ही नाही फसवत."

लढाई सुरू व्हायच्या आधी शहापूरच्या एका लाकडाच्या ठेकेदाराने विलायतेला परत जाणाऱ्या साहेबाकडून एक रायफल घेतली. आम्ही त्यांना नुसतं शेठ म्हणायचो. रायफल आपोआप भरणारी होती. एकदा चाप ओढला की गोळी सुटे, काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाई आणि दुसरं काडतूस आपसूक नळीत जाऊन बसे. तशी बंदूक आमच्या भागात कुणी पाहिली नव्हती. काकांनी ती खोलून कांबळ्यावर मांडली तेव्हा पेठेतली निम्मी माणसं ओट्यावर जमली होती.

तिची युक्ती अशी होती. नळीच्या पुढच्या अंगाला एक बारीक भोक होतं. गोळी त्या भोकाच्या पुढे गेली की तिच्यामागचा तापलेला वायू भोकातून खालच्या नळकांड्यात शिरे आणि तिथला दट्ट्या मागे ढकली. दट्ट्या काडतुसामागच्या बोल्टाला मागे नेई, बोल्ट पुंगळी ओढून बाहेर टाकी आणि स्प्रिंग त्याला परत पुढे आणी. भोकावर एक स्क्रू होता. तो आवळला की वायू कमी शिरे, सैल केला की जास्त. गिरणीच्या इंजिनामुळे मला हे चटकन समजलं. काका खूश झाले. म्हणाले, "दट्ट्याची भाषा तुला कळते. मला ती शिकावी लागली."

लढाई लागली आणि त्या मापाची काडतुसं मिळेनाशी झाली. शेठकडे होत्या तेवढ्याच पुंगळ्या. त्याच पुन्हापुन्हा भरून घ्यायच्या. भरण्याचं काम काकांचं, कारण परवाना त्यांच्या नावावर होता. पण ती रायफल पुंगळी इतक्या जोराने फेकी की ती पंधरा-वीस पावलांवर सागाच्या पाचोळ्यात जाऊन हरवायची. सापडलीच तर तिचं तोंड चेपलेलं असे, नाहीतर बुडाची कड वाकलेली. शेठ म्हणाले, पुंगळ्या वाचतील असं काहीतरी करा.

काकांनी तीन दिवस घेतले. गावाबाहेरच्या कोरड्या ओढ्यात आम्ही जायचो. काका एक बार काढायचे, मी पावलं मोजायचो. मग ते स्क्रू केसभर आवळायचे आणि पुन्हा बार. मागे आदळणाऱ्या बोल्टाचा ठोका मऊ व्हावा म्हणून त्यांनी स्प्रिंगच्या मागे चामड्याची एक चकती घातली. शेवटी पुंगळी पाच पावलांवर पडू लागली, तोंड शाबूत. काकांनी छिन्नीने स्क्रूवर आणि नळकांड्यावर एकच बारीक रेघ मारली.

"इथून पुढे नाही," ते म्हणाले. "पुंगळी पाच पावलांच्या आत पडायला लागली तर बंदूक आजारी समजायची. तिच्या अंगात जोर शिल्लक राहिला पाहिजे. अडीनडीला लागतो."

मी ते ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं, म्हणून तर आज शब्द न शब्द लिहिता येतो.

पुढच्या उन्हाळ्यात काकांची लेक नाशिककडे आजारी पडली आणि ते दीड महिना तिच्याकडे राहिले. त्या दिवसांत शेठ दुकानात आले. एक पुंगळी झुडपात गेली, एक दगडावर आपटून चेपली, अशी त्यांची तक्रार होती. आणखी जवळ पाडता येईल का, त्यांनी विचारलं. मी म्हणायला हवं होतं की काका येईपर्यंत थांबा. मी म्हटलं, बघतो.

मी स्क्रू काकांच्या रेघेच्या पुढे नेला. ऐन वैशाखाचं ऊन होतं, बंदुकीला हात लावला तर चटका बसे. पुंगळी आधी चार पावलांवर पडली, मग तीन, मग दोन. मला चेव चढला. घरून भात पाखडायचं सूप आणलं, त्यात गोधडीचा तुकडा अंथरला आणि शेठच्या उजव्या बाजूला धरून बसलो. पुंगळी टपकन सुपात पडली. शेठनी दुसरा बार काढला. तीही सुपात. ते इतके हसले की त्यांना बंदूक खाली ठेवावी लागली. जाताना म्हणाले, कल्याणकडे लढाईचं सामान करणारा नवा कारखाना निघतोय, तिथल्या साहेबाकडे तुझ्यासाठी शब्द टाकतो.

काका परत आल्यावर मी त्यांना हे सांगितलं नाही. बंदूक शहापूरला शेठच्या घरी होती. ती दुकानात येईल तेव्हा सांगू, असं मनाशी म्हणालो.

पाऊस सरल्यावर शेठनी ती साफ करायला मला घरी बोलावलं. काकांनी निघताना बजावलं होतं की विलायती तेल संपलंय, तेव्हा रॉकेलने पूस आणि कोरडीच ठेव, दुसरं काही लावू नकोस. शेठच्या घरी रॉकेल दिव्यापुरतंच होतं, मागायला जिवावर आलं. कोरडं ठेवलं तर गंजेल अशी भीती वाटली. शेठच्या घरच्या बाईंनी खोबरेल तेलाची बाटली पुढे केली. आश्विनातला उकाडा होता आणि तेल पाण्यासारखं पातळ होतं. मी दट्ट्याला, बोल्टाला, स्प्रिंगला सगळीकडे ते चोपडलं. बंदूक चकचकीत दिसू लागली. बोल्ट मागेपुढे असा सरकायचा की बोटालाही कळू नये.

पौषात वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला डुकरांनी उच्छाद मांडला. वरई झोडून झाली होती, पण खळ्यावरचं सुद्धा ती खाऊन जात. तिथल्या ठाकरांच्या पाड्यातल्या लोकांनी शेठना बोलावलं. हाकारा घालायचं ठरलं. काकांनी काडतुसं भरून दिली आणि शेठनी मला बरोबर घेतलं. माझं काम एकच. सूप धरायचं.

हाकाऱ्यांचा म्होरक्या पस्तिशीचा ठाकर होता. उंच, काटक. त्या बाजूच्या सगळ्या वाड्यांत नाचाच्या फेरात पहिला पाय त्याचा पडे, असं लोक सांगत. तो हाकाऱ्याला हत्यार घेत नसे, नुसती काठी आणि वाजवायला एक पत्र्याचा डबा. शेठच्या मागून मला सूप घेऊन येताना पाहिलं आणि तो शेकोटीपाशी बसल्या बसल्या म्हणाला, "शेठनी सून आणली वाटतं. पाखडाय लावली का तिला रानात?"

सगळे हसले. मीही हसलो. मग त्याने बंदूक निरखली, जवळ येऊन हुंगली आणि म्हणाला, "हिनंबी डोक्याला तेल लावलंय रं. लग्नालाच निघालीय."

त्या पहाटे थंडी अशी होती की गवतावरचं दव पांढरं दिसत होतं. माझ्या टाचांना भेगा पडल्या होत्या. सामानात माझी खोबरेलची बाटली होती. तेल गोठून चुन्यासारखं झालं होतं. मी ती बाटली शेकोटीजवळ धरली, हातात फिरवत फिरवत पातळ केली आणि टाचांना लावली. बंदूक तिथेच हातभर अंतरावर झाडाला टेकवून ठेवलेली होती. तिच्या पोटातही तेच तेल होतं. ते मला सुचलं नाही. पन्नासच्या वर वर्षं झाली, अजून मी ती बाटली शेकोटीजवळ फिरवतो आहे.

शेठ नाल्याच्या काठावर एका दगडाआड बसले. उजवीकडे मी, मांडीवर सूप. समोरून डबे वाजायला लागले, माणसांचे आवाज जवळ येत गेले. करवीच्या झुडपांतून एक थोराड एकलगा, कळपाबाहेरचा डुक्कर बाहेर आला आणि नाल्यात उतरला. शेठनी बार काढला. मी डुकराकडे पाहत नव्हतो. मी सुपाकडे पाहत होतो.

सुपात काही पडलं नाही.

मान वर केली तेव्हा डुक्कर खाली बसून परत उठत होता. शेठ चाप ओढत होते आणि काहीच होत नव्हतं. बोल्ट अर्ध्यावर अडकला होता आणि पुंगळी त्याच्या फटीत आडवी, दातात भाताचा दाणा अडकावा तशी. मी सूप टाकून नखांनी ती काढायला लागलो. शेठ म्हणत होते, "काढ, काढ." बोल्ट चिखलात रुतल्यासारखा जड झाला होता.

जखमी डुक्कर आमच्याकडे आला नाही. आल्या वाटेने हाकाऱ्यांवर उलटला. रांगेत पुढे दोन कोवळी पोरं होती. म्होरक्याने त्यांना बाजूला लोटलं आणि काठी आडवी धरून स्वतः उभा राहिला. हे मी पाहिलं नाही, नंतर ऐकलं. मी फक्त त्याचा डबा दगडांवरून गडगडत आल्याचा आवाज ऐकला. सुळ्याने त्याची उजवी मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत उघडली होती. डुकराला मागून आलेल्यांनी कुऱ्हाडींनी मारलं.

घोंगडीची डोली करून त्याला मुरबाडच्या दवाखान्यात न्यायला निघाले. शेठ पुढे गेले. बंदूक घेऊन मी मागून चाललो होतो. ऊन चांगलं वर आलं होतं. एका ओढ्यापाशी बसलो आणि सवयीने बोल्ट ओढला. तो सहज मागे आला. अडकलेली पुंगळी निघून माझ्या मांडीवर पडली. फटीतून तेलाचा एक ओघळ दस्त्यावर आला आणि त्याला खोबऱ्याचा वास होता. तेव्हा मला सगळं कळलं. पहाटे हे तेल गोठलं होतं आणि मी स्क्रू आवळल्यामुळे ते रेटायला बंदुकीच्या अंगात जोर उरला नव्हता. पुंगळीचं तोंड चेपलं होतं. मी ती खिशात घातली.

दुपारी शेठ दुकानात आले, बरोबर ठाण्यावरचा एक जमादार. बंदूक ओट्यावर ठेवून त्यांनी बोल्ट मागेपुढे केला. तो लोण्यासारखा सरकत होता. शेठ म्हणाले, बंदुकीत दोष नाही हे उघड आहे, मग दारूच कमी भरली असणार, म्हणून बोल्ट पूर्ण मागे आला नाही. हिशेब बरोबर होता. नुसत्या बंदुकीकडे पाहून कुणीही तेच म्हटलं असतं.

काकांनी बंदूक हातात घेतली आणि नेहमीसारखी नाकाशी नेली. थोडा वेळ तशीच धरली. मग बोल्टावर बोट फिरवून ते अंगठ्यावर चोळलं. मग नळी उजेडाकडे केली. स्क्रूवरची त्यांची रेघ नळकांड्यावरच्या रेघेपासून चांगली पुढे गेलेली त्यांना दिसली, हे मी पाहिलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी शेगड्याजवळ उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. शेठ अजून माझ्यावर खूश होते, कारखान्याचा शब्द अजून टाकायचा होता, आणि मी शेगड्यातल्या राखेकडे पाहत राहिलो.

"असेल," काका म्हणाले. "दारू कमी पडली असेल. वय झालं. हात थरथरतो."

जमादाराने लिहून घेतलं. परवाना गेला. ठासणीची बंदूकसुद्धा दुकानात यायची बंद झाली.

सगळे गेल्यावर मी म्हटलं, "काका."

त्यांनी स्क्रू परत रेघेवर आणून ठेवला आणि पेचकस जागेवर ठेवला. म्हणाले, "तुझ्यापुढे सगळं आयुष्य आहे. माझं होत आलं. पेठेचं मी बघतो. पण पाड्यावर जाऊन त्या माणसाला खरं सांग. एवढं एक कर."

मी हो म्हटलं. दोन महिन्यांत कारखान्यात लागलो. शेठनी शब्द पाळला. मी पाळला नाही. आधी वाटलं, तो बरा होऊ दे. मग वाटलं, पाऊस जाऊ दे. मग कामाच्या पाळ्या आल्या, लग्न झालं. काका ओट्यावर बसून विळ्या-कोयत्यांना धार लावत. मुरबाडला गेलो की मी त्यांना भेटायचो. त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि त्यामुळे मी हळूहळू पेठेकडे जाणंच टाळायला लागलो. ते गेले तेव्हा मी कारखान्यात होतो. तेराव्याला पोचलो.

त्या वर्षी, स्वातंत्र्य मिळून थोडे दिवस झाले होते, मी अखेर वैशाखऱ्यावरून वर चढून गेलो. म्होरक्या अंगणात बसून टोपली विणत होता. उजवा पाय सरळ, वाळक्या फांदीसारखा. त्याने मला ओळखलं. "सून आली," घरात बघून तो म्हणाला. मग मला भाकरी दिली.

मी बोलायला तोंड उघडलं, तर तोच काकांबद्दल सांगू लागला. म्हातारा दर वर्षी कापणीच्या आधी वर चढून यायचा, धार लावलेला एक नवा विळा आणायचा आणि म्हणायचा, माझ्या हातून झालं, मला क्षमा कर. "येवढं वय, आन हितवर चढायचा," तो म्हणाला. "म्या सांगितलं, जाऊ दे बाबा. पन ते इळं काय वापरवत नाय."

कुडाच्या भिंतीवर पाच विळे टांगलेले होते. एकालाही भाताचा चीक लागलेला नव्हता.

"का?" मी विचारलं.

"ज्यानं आपलं रगत काढलं त्याच्या हातचं लोखंड आमी भाताला लावत नाय. तोंडानं माफ केलं. हातानं नाय झालं."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. तो माणूस समोर होता, विळे समोर होते, वेळ भरपूर होता. मी विचारलं, नाच कसा चालतो आता? तो म्हणाला, मी ढोलकीवाल्याशेजारी बसतो, चुकलं तर ओरडतो. मी हसलो, भाकरी संपवली, पाणी प्यायलो आणि उतरलो. पहिल्यांदा गप्प बसलो तेव्हा भीती तरी होती, नोकरीचा लोभ होता. या वेळी त्यातलं काहीच नव्हतं. सांगितल्यावर तो माझ्याकडे कसा बघेल, तेवढं मला नको होतं.

पुढे तोही गेला. मी निवृत्त झालो, शहापूरला घर बांधलं. ती पुंगळी एका डबीत आहे. बायकोने एकदा विचारलं, हे काय. मी म्हटलं, कारखान्यातलं आहे.

पंगतीतल्या त्या तरुणाचं हसणं ऐकून आल्यावर मात्र मला घरात बसवेना. आठवड्याने मी वैशाखऱ्याला एसटीने गेलो आणि जमेल तसा, थांबत थांबत, पाड्यावर पोचलो. म्होरक्याचा मुलगा आता साठीचा आहे. मी त्याच्यासमोर बसलो, डबी उघडून पुंगळी जमिनीवर ठेवली आणि स्क्रू, खोबरेल, शेकोटी, काका, सगळं सांगितलं. काकांनी भरलेली दारू बरोबर होती, हे तीन वेळा सांगितलं. मी संपवल्यावर त्याने पुंगळी उचलली, चेपलेल्या तोंडावर अंगठा फिरवला आणि परत ठेवली.

"बाप माजा त्या म्हाताऱ्याचा इळा हातात न घेता मेला," तो म्हणाला. "तुमी खाऊन गेला व्हता ना हितं? भाकर?"

मी हो म्हटलं.

तो उठला. कुडावरचे विळे अजून तिथेच होते, गंजून लाल झालेले. त्याने एकेक करून पाचही खाली काढले, बाहेर नेऊन दगडावर पाणी टाकलं आणि पहिला घासायला बसला. बराच वेळ घासत होता. गंजाखालून पांढरी रेघ दिसायला लागली, तशी त्याने सुनेला हाक मारली आणि तो विळा तिच्या हातात दिला. म्हणाला, गोठ्यात पेंढा तोडायला आजपासून हा घे, कापणीलाही हाच. मग दुसरा घेतला. मला त्याने चहा विचारला नाही, आणि मी त्याची वाटही पाहत नव्हतो.

मी निघताना तो मान वर न करता म्हणाला, "पाड्यात मी सांगन. पेठेत तुमी सांगा. तितं आमचं कोन ऐकतंय."

म्हणून हे लिहिलं. मुरबाडच्या पेठेत ज्यांना ती गोष्ट माहीत आहे त्यांनी ती यापुढे अशी सांगावी. काकांचा हात शेवटपर्यंत स्थिर होता. थरथरत्या हाताची गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली, ती माझ्यासाठी, आणि मी ती खरी होऊ दिली.